एका नकाशाची तीन वये

इंग्लंडमधील एखाद्या परगण्याचा जुना रंगीत नकाशा तुमच्यासमोर टेबलावर ठेवला आहे, असे समजा. भोवती नक्षीची चौकट आहे, एका कोपऱ्यात राजचिन्हे आहेत, समुद्रात शिडाचे जहाज आणि त्याच्या शेजारी एक अक्राळविक्राळ मासा आहे. टेकड्या वारुळासारख्या काढल्या आहेत आणि जंगलाच्या जागी मुंगीएवढी झाडे आहेत. खाली बारीक अक्षरांत साल आहे : १६१०. तर हा नकाशा किती वर्षांचा झाला?

वजाबाकी करण्याची घाई करू नका. असे नकाशे जॉन स्पीड नावाच्या गृहस्थाने प्रसिद्ध केले. हा धंद्याने शिंपी, पण इतिहासाचा आणि नकाशांचा मोठा नाद असलेला. त्याचा नकाशासंग्रह १६११-१२ च्या सुमारास लंडनमध्ये निघाला. नकाशांचे तांब्याचे पत्रे मात्र ॲमस्टरडॅमला योडोकुस होंडियस या निष्णात कारागिराकडून कोरून घेतले होते. हे पत्रे काम झाल्यावर कोणी मोडीत काढले नाहीत. एका प्रकाशकाकडून ते दुसऱ्याकडे विकले गेले, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि सुमारे १७७० पर्यंत त्यांवरून छाप निघत राहिले. पत्र्यावर कोरलेले १६१० हे साल पुष्कळदा तसेच राहिले. म्हणजे आपल्या हातातला कागद १६१२ चा असेल, १६७६ चा असेल, किंवा पेशवाईतल्या थोरल्या माधवरावांच्या काळातलाही असू शकेल!

आणि रंग? हे सारे नकाशे यंत्रातून निघताना फक्त काळ्या शाईत निघत. रंग मागाहून हाताने, कुंचल्याने भरलेला असतो. तो छपाईनंतर आठवड्याभरात भरलेला असेल, नाहीतर तीनशे वर्षांनी कोणी तरी दुकानात बसून भरलेला असेल. तेव्हा अशा नकाशाला एक वय नसते, तीन असतात. पत्रा कोरल्याचे एक, कागदावर छाप उठल्याचे दुसरे आणि रंग चढल्याचे तिसरे. जुने नकाशे जमविणाऱ्याला ही तिन्ही वये वेगवेगळी काढता यावी लागतात. त्यासाठी लागणारी सामग्री बरीचशी तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल : दहापट मोठे दाखविणारे भिंग, एक विजेरी आणि मिलिमीटरच्या खुणांची पट्टी.

आरशातली अक्षरे

तांबे हा मऊ धातू आहे. पोलादाच्या धारदार कोरणीने त्यावर रेघ ओढली की धातूची बारीक वळी सुटते आणि मागे स्वच्छ, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच राहते. कसबी कोरक वळणदार रेघ काढताना कोरणी जवळजवळ स्थिर धरी आणि कातड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवी. हे सर्व काम उलटे करावे लागे, कारण छापताना डावे ते उजवे होते. हिंदुस्थानचा नकाशा कोरायचा तर कोकणचा किनारा पत्र्याच्या उजव्या बाजूला कोरायचा आणि गावांची नावे आरशात दिसावीत तशी लिहायची. आपल्या जुन्या राजांचे ताम्रपटही तांब्यावर कोरलेले आहेत, पण ते थेट वाचण्यासाठी असल्यामुळे अक्षरे सुलटी आहेत. उलटी अक्षरे कोरून छापण्याचा उद्योग आपल्याकडेही झाला. मिरजेस १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली.

पत्रा तयार झाला की तो किंचित गरम करून त्यावर शाई चोळीत. ही शाई म्हणजे कडक उकळलेल्या जवसाच्या तेलात खललेला कोळशाचा काळा रंग. मग फडक्याने आणि शेवटी तळहाताने पत्रा पुसून घेत. सपाट भाग लखलखीत होई, शाई फक्त खाचांत उरे. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरी कापडाच्या घड्या, आणि हा सगळा थर दोन रुळांमधून पिळून काढीत. उसाच्या चरकाची आठवण ठेवा, म्हणजे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहील. दाबामुळे ओला कागद खाचांत शिरतो आणि तिथली शाई घेऊन बाहेर येतो.

येथे रूळच का हवेत? हा प्रश्न भौतिकीचा आहे. समजा पत्रा ४५ सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहे. सपाट फळीने दाबला तर बल १५७५ चौरस सेंटिमीटरांवर विभागले जाते. रुळाखाली मात्र एका वेळी फक्त एक अरुंद पट्टी दाबली जाते. ती एक सेंटिमीटर रुंद आणि पत्र्याच्या लांबीइतकी धरली, तर क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच बलाने दाब पस्तीस पट झाला! उठावाच्या खिळ्यांनी मजकूर छापायला सपाट दाबाचे यंत्र पुरते, खाचांतली शाई उचलायला पुरत नाही. म्हणून ज्या नकाशांच्या पाठीवर मजकूर असे, तो कागद दोन निरनिराळ्या यंत्रांवरून जाई. ॲमस्टरडॅमच्या ब्लाव घराण्याच्या छापखान्यात मजकुराची नऊ यंत्रे होती, त्यांना ग्रीक पुराणांतल्या नऊ कलादेवतांची नावे दिली होती, आणि तांब्याच्या पत्र्यांसाठी सहा यंत्रे वेगळी होती.

या दाबाची खूण कागदावर कायमची राहते. नकाशाच्या चौकटीबाहेर, बोटभर अंतरावर, पत्र्याच्या कडांनी उमटविलेला एक आयत असतो. समोरून प्रकाश टाकला तर तो दिसेलच असे नाही. खोलीत अंधार करून विजेरी कागदाच्या पातळीत आडवी धरा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यावरचा लहानसा खड्डाही सावली टाकतो, तसेच येथे होते : पत्र्याची कड उठून दिसते. भिंगातून पाहिले तर शाईची रेघही कागदाच्या पृष्ठभागावर बारीकशा वरंब्यासारखी उभी असते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात सेनेफेल्डरने शिळाछपाई शोधली. तिच्यात खाच नाही, म्हणून वरंबाही नाही आणि पत्र्याची कडही नाही. हल्लीच्या यंत्रांवर छापलेली प्रतिकृती तर भिंगाखाली तात्काळ ओळखू येते, कारण तिच्यातले रंग सलग नसून निळ्या, तांबड्या, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांचे बनलेले असतात. वर्तमानपत्रातले एखादे रंगीत चित्र भिंगाखाली धरून हे ठिपके एकदा नीट पाहून ठेवा. भिंतीवर टांगलेल्या 'प्राचीन' नकाशांपैकी बरेचसे या एका परीक्षेतच नापास होतात.

पत्र्यांचे व्यापारी

नकाशे करणाऱ्या मंडळींचा इतिहास हा पुष्कळसा पत्र्यांच्या खरेदी-विक्रीचा इतिहास आहे. गेरार्ड मर्केटरचे नाव तुम्ही भूगोलात वाचले असेल. १५६९ साली त्याने खलाशांच्या सोयीचा तो प्रसिद्ध प्रक्षेप वापरून जगाचा नकाशा काढला. नकाशांच्या पुस्तकाला 'ॲटलास' हे नावही त्याच्याच पुस्तकामुळे रूढ झाले, परंतु ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १५९५ साली बाहेर पडले. त्याचे पत्रे १६०४ साली विकत घेतले ते आपल्या ओळखीच्या होंडियसने, आणि नव्या नकाशांची भर घालून १६०६ मध्ये ॲटलास पुन्हा काढला. पुढे १६२९ साली होंडियसचा त्याच नावाचा मुलगा वारला, तेव्हा त्याच्याकडचे सुमारे ४० पत्रे विलेम ब्लावने घेतले. वर्षभरातच ते नकाशे बाजारात आले. फक्त होंडियसचे नाव होते तेथे ब्लावचे नाव आले होते.

तांब्यावरचे नाव पुसायचे कसे? आधी त्या जागी पत्रा खरवडतात. खरवडल्याने तेथे खळगा होतो, म्हणून तेवढाच भाग मागून ठोकून वर आणतात, घासून गुळगुळीत करतात आणि नवे नाव कोरतात. पण खाच पुरती बुजली नाही तर तिच्यात थोडी शाई अडकते आणि छापावर जुन्या अक्षराचे अस्पष्ट भूत दिसते. संग्राहक भिंग घेऊन अशी भुते शोधीत असतात, कारण एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन नकाशांपैकी आधीचा कोणता ते त्यावरून सांगता येते. तांबे मऊ असल्यामुळे झिजतेही लवकर. प्रथम समुद्रातले बारीक ठिपके आणि डोंगरांच्या छायेच्या रेघा पुसट होतात, मग त्या पुन्हा कोराव्या लागतात. स्पीडच्या नकाशांत प्रकाशकाचे नाव पाहिले की पहिल्या वयाचा आणि दुसऱ्या वयाचा हिशेब बराचसा लागतो : सडबरी आणि हंबल ही नावे असतील तर छाप आरंभीच्या काळातला, बॅसेट आणि चिझवेल असतील तर १६७६ चा. पाठीवर लॅटिन मजकूर असला तर तो १६१६ च्या आवृत्तीतला.

विलेम ब्लावविषयी एक गोष्ट भौतिकीच्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. हा मूळचा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. १५९५-९६ च्या हिवाळ्यात तो डेन्मार्कमधील ह्वेन बेटावर खुद्द टायको ब्राहीपाशी शिकत होता. त्याचा मुलगा योआन याने १६६२ मध्ये अकरा खंडांचा, सुमारे ६०० नकाशांचा महा-ॲटलास काढला. त्याची किंमत साधी ३५० गिल्डर आणि रंगीत ४५० गिल्डर होती. दहा वर्षांनी, १६७२ च्या फेब्रुवारीत, छापखान्याला आग लागली आणि पुष्कळसे पत्रे नष्ट झाले.

त्या किमतीतले वरचे १०० गिल्डर रंगाचे होते. रंग भरणे हा स्वतंत्र धंदा होता आणि त्यात प्रतिष्ठाही होती. १५७० साली अँटवर्पमध्ये ज्याने पहिला आधुनिक नकाशासंग्रह काढला तो आब्राहाम ओर्टेलियस याच धंद्यातून वर आलेला. १५४७ साली, विशीत असताना, तेथील चित्रकारांच्या संघात त्याची नोंद झाली ती 'नकाशे रंगविणारा' म्हणून. त्याच्या बहिणीही हेच काम करीत. त्याच शहरात मिंकेन लिफ्रिंक नावाची बाई प्लांटिनच्या छापखान्यासाठी चित्रे आणि नकाशे रंगवून देत असे. अशा स्त्रियांची नावे नकाशांवर कधी कोरली गेली नाहीत, हिशेबाच्या वह्यांत मात्र ती सापडतात.

ओर्टेलियसचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ५३ पाने नकाशांची होती, पण त्याबरोबर त्याने ८७ नकाशाकारांची यादीही छापली. कोणाकोणाच्या कामाचा त्याला आधार होता हे त्याने उघड सांगितले. ज्या धंद्यात लोक दुसऱ्याचे नाव ठोकून काढीत, त्या धंद्यात ही गोष्ट साधी नव्हे.

कागद काय सांगतो

नकाशा उजेडाकडे धरा. सुमारे १७५७ पर्यंत युरोपातला कागद तारांच्या साच्यात, चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने काढीत. जेथे तार तेथे लगद्याचा थर पातळ, म्हणून जवळजवळ असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात, सुमारे अडीच सेंटिमीटर अंतराने, ठळक रेघा दिसतात. साच्यावर तारेने द्राक्षांचा घड किंवा मुकुट शिवलेला असला तर त्याचे जलचिन्ह दिसते. १७५७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हॉटमनच्या गिरणीत कापडासारख्या विणलेल्या जाळीवर कागद काढू लागले, त्यात या रेघा नसतात. लाकडाच्या लगद्याचा कागद त्याहून अलीकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. तो पिवळा पडतो व कडकडीत होतो. १६३५ साल असलेला नकाशा रेघांशिवायच्या कागदावर दिसला, तर पत्रा कितीही जुना असो, छाप अठराव्या शतकाच्या मध्याआधीचा नाही.

येथे मोजमापाचा एक मजेदार प्रश्न उभा राहतो. छापताना कागद ओला असतो, म्हणजे फुगलेला असतो. वाळल्यावर तो आकसतो, आणि त्याच्यावरचा नकाशाही त्याच्याबरोबर आकसतो. ही घट शंभरात एक-दोन भागांची असते. पत्र्यावर ५०० मिलिमीटर असलेले अंतर कागदावर ४९२ भरले तर नवल नाही. शिवाय सर्व दिशांना घट सारखीच होईल असेही नाही. म्हणून जुन्या नकाशावर अंतर मोजायचे झाल्यास त्याच नकाशात छापलेल्या मैलांच्या पट्टीने मोजावे, ती बिचारी नकाशाबरोबरच आकसलेली असते. आणि एकाच पत्र्याच्या दोन छापांची लांबी दोन-चार मिलिमीटरने निराळी आली, म्हणून त्यांतला एक खोटा ठरत नाही.

हिरव्या रंगाची करणी

आता तिसरे वय. नकाशाचे रंग पाण्यात कालविलेले असत आणि चिकटपणासाठी त्यांत बाभळीच्या जातीचा डिंक असे. छापाची शाई तेलाची, वाळून पाण्याला दाद न देणारी. त्यामुळे ओला कुंचला फिरला तरी रेघ पसरत नाही. रंगाचा थर पातळ ठेवीत. प्रकाश थरातून आरपार जाऊन खालच्या कागदावर आपटतो, परततो आणि पुन्हा थरातून बाहेर येतो. दोनदा गाळल्यामुळे रंग खुलतो, आणि रेघेवर पडलेला प्रकाश मात्र कोळसा गिळून टाकतो. म्हणून रंगाखालचे अक्षर स्पष्ट वाचता येते. जाड, अपारदर्शक रंगाने नावे झाकली गेली असतील तर रंगविणारा नवशिका होता किंवा घाईत होता.

या रंगांतला हिरवा सर्वांत महत्त्वाचा. जंगले, कुरणे, प्रांतांच्या सीमा यांसाठी तो सढळ हाताने वापरीत. हा हिरवा म्हणजे जंगाल. तांब्याचे पत्रे सिरक्याच्या किंवा आंबलेल्या द्राक्षांच्या चोथ्याच्या वाफेत ठेवले की त्यांवर हिरवे-निळे पूट चढते, ते खरवडून रंग करीत. फ्रान्समध्ये माँपेलिए येथे घरोघरच्या तळघरांत बायका हा उद्योग करीत. रसायनशास्त्राच्या भाषेत हे तांब्याचे ॲसिटेट. आपल्या आज्यांना ही क्रिया चांगली ठाऊक होती. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, ते याच जातीच्या क्रियेने.

भांडे कळकले तर ताक फेकून देता येते. नकाशाचे तसे नाही. जंगालातील तांब्याचे आयन कागदातील सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरकासारखे चालना देतात, आणि त्यातले आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. दमट हवेत हे काम वेगाने चालते. काही दशकांनी हिरव्या सीमेखालचा कागद तपकिरी पडतो, तो रंग पाठीवर उमटतो, पुढे कागद ठिसूळ होतो आणि अखेर सीमारेषेवरच नकाशा तुटतो. चाकूने कापावा तसा प्रांत वेगळा होऊन हातात आलेले जुने नकाशे आहेत. ज्या धातूने रेघ दिली तोच रंगाच्या रूपाने कागद खातो, हे मला फार विलक्षण वाटते.

संग्राहकाला मात्र या दुष्ट हिरव्याचा एक उपयोग होतो. नकाशा उलटा करून पाहा. पुढच्या हिरव्या भागांच्या नेमक्या मागे तपकिरी छाया असेल, तर रंग बराच जुना असण्याचा संभव मोठा. पाठ स्वच्छ असेल आणि पुढे हिरवळ टवटवीत असेल, तर रंग अलीकडचा असावा. परीक्षा चांगली आहे, पण एकटी पुरेशी नाही. सर्वच जुने हिरवे जंगालाचे नव्हते, आणि रंग बेताने वापरला असेल तर छाया फिकी पडते.

अधिक खात्रीसाठी रंगांच्या जन्मतारखा पाहतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने सापडला. तेव्हा १६३५ च्या छापावर समुद्राच्या कडेला प्रशियन निळा आढळला, तर रंग निदान सत्तर वर्षांनी उशिरा चढलेला. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा १८५६ साली केला, म्हणून तसले डांबरी रंग त्याच्या आधीचे असूच शकत नाहीत. रंग न खरवडता कोणता ते कसे समजावे? क्ष-किरणांचा झोत टाकला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते : जंगालात तांबे, प्रशियन निळ्यात लोह, हिंगुळात पारा. दुसरा उपाय म्हणजे रामन परिणाम. १९२८ साली कलकत्त्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिलेला हा परिणाम आज जगभरच्या संग्रहालयांत जुने रंग ओळखण्यासाठी रोज वापरला जातो.

याच पद्धतीने एक गाजलेले प्रकरण निकालात निघाले. येल विद्यापीठाने १९६५ साली जाहीर केलेला 'विनलँडचा नकाशा' कोलंबसाच्याही आधी उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवीत होता. तो कोरलेला नव्हे, हाताने चर्मपत्रावर काढलेला. चर्मपत्र खरोखरच पंधराव्या शतकातले निघाले. पण शाईत टायटॅनियमचे जे संयुग होते ते १९२० च्या सुमारास बाजारात आलेले. २०२१ साली सगळ्या रेघांची क्ष-किरणांनी तपासणी झाल्यावर येलनेच नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले. कागदाचे वय आणि शाईचे वय वेगळे असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शाळेत करण्याजोगी एक साधी परीक्षाही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात अशी द्रव्ये घालतात की जी अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली असा कागद धुतलेल्या सदऱ्यासारखा चमकतो. चिंध्यांचा जुना कागद तसा चमकत नाही. दिव्याकडे थेट पाहू नका.

नंतर भरलेला रंग म्हणजे लबाडीच, असे मात्र समजू नये. पुष्कळ नकाशे साधेच विकले गेले आणि दोन-तीनशे वर्षांनी कोणी तरी हौसेने रंगविले. विक्रेत्याने तसे सांगितले तर तक्रार नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर नव्या रंगाने सजविलेल्या नकाशापेक्षा मला काळा-पांढरा स्वच्छ छाप अधिक आवडतो. त्यात कोरणीचे काम निर्भेळ दिसते.

जमवायचे काय?

कोणी एका नकाशाकाराचे नकाशे जमवितो, कोणी एका प्रदेशाचे. कोणी तर एका चुकीचे! सतराव्या शतकात कॅलिफोर्निया हे बेट आहे अशी समजूत पसरली आणि एकाचे पाहून दुसऱ्याने तसे नकाशे कोरले. अखेर १७४७ साली स्पेनच्या राजाला ते बेट नसल्याचा हुकूमच काढावा लागला. एका संग्राहकाने या चुकीचे ८०० च्या वर नकाशे जमविले, तो संग्रह २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गेला.

आपल्याकडच्या प्रदेशाचेही कोरीव नकाशे आहेत. यान हॉयगेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याच्या १५९६ च्या प्रवासग्रंथात गोव्याचा मोठा, घडीचा, कोरीव नकाशा आहे आणि त्यात रस्ते, बाजार, चर्च बारकाईने काढली आहेत. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली माहिती या पुस्तकाने डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती दिली. जेम्स रेनेलच्या १७८२ च्या हिंदुस्थानच्या नकाशात तर रंग ही शोभा नव्हतीच. निरनिराळ्या सत्तांचा मुलूख, त्यात मराठ्यांचाही, रंगाने वेगळा दाखविला होता. असा नकाशा रंग न भरता वाचला तर त्यातला निम्मा अर्थ हरवतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जुन्या नकाशांचा संग्रह आहे. तेथे किंवा इतरत्र संधी मिळाली तर अवश्य पाहावेत.

विकत घेण्याविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. दुकानांत सुटे मिळणारे बहुतेक नकाशे एके काळी पुस्तकात बांधलेले होते. अख्ख्या ॲटलासपेक्षा सुट्या पानांचे पैसे अधिक येतात, म्हणून ॲटलास फोडले गेले, अजूनही फोडले जातात. एकदा फोडलेले पुस्तक पुन्हा जुळत नाही, आणि कोणते पान कोणत्या क्रमाने, कोणत्या मजकुराबरोबर होते ही माहिती कायमची जाते. याच मोहातून चोऱ्याही होतात. २००५ साली येल विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या ग्रंथालयात एका कर्मचाऱ्याला जमिनीवर धारदार पाते पडलेले दिसले, आणि त्यावरून एक नामांकित नकाशाविक्रेता पकडला गेला. सहा संस्थांमधून मिळून ९७ नकाशे काढल्याचे त्याने कबूल केले, आणि २००६ साली त्याला शिक्षा झाली. अशा प्रकरणांत नकाशा मूळचा कोणत्या पुस्तकातला हे सिद्ध करताना पुन्हा कागदच साक्ष देतो : किडीने पानापानांतून आरपार पाडलेली भोके, पाण्याचे डाग, कापलेल्या कडेचा आकार. भोकाला भोक जुळले की वाद संपतो.

कोणाच्या घरी असा नकाशा असेलच तर तो उन्हात किंवा पावसाळी भिंतीवर टांगू नये. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशा जागी, आम्लरहित पुठ्ठ्यात, सपाट ठेवावा. कोकणात पावसाळ्यात हे अवघड आहे, पण हिरव्या रंगाचे काम आठवले म्हणजे खटपट करावीशी वाटेल. चिकटपट्टी कधीही लावू नये.

करून पाहा

क्ष-किरण चित्राची जुनी फिल्म किंवा जाडसर प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. पोस्टकार्डाहून थोडा मोठा असावा. दाभणाने त्यावर तुमच्या गावाचा लहानसा नकाशा ओरखडा, नावे उलटी लिहायला विसरू नका. एकमेकींना काटकोनात, बरोबर १०० मिलिमीटरच्या दोन रेघाही काढा. नळीतला काळा तैलरंग किंवा छापखान्याची शाई फडक्याने ओरखड्यांत चोळा आणि वरचा भाग पुसून घ्या. चित्रकलेचा जाड कागद दहा मिनिटे पाण्यात ठेवून टिपकागदाने टिपा, पत्र्यावर ठेवा, त्यावर जुन्या लोकरी कापडाची घडी ठेवा आणि लाटण्याने सर्व जोर लावून दाबत न्या. पहिले दोन-तीन छाप बिघडतील.

छाप वाळल्यावर दोन्ही रेघा मोजा. मग तोच प्रयोग कागद काटकोनात फिरवून करा, आणि मिळाल्यास हातकागदावरही करा. यंत्रावर काढलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला असतात आणि ते लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. कोणती रेघ जास्त आकसते आणि हातकागदात तो फरक कितपत राहतो, याचा तक्ता करा. मोजताना पट्टीची खूण आणि डोळा एका सरळ रेषेत ठेवा, कारण येथे अर्ध्या मिलिमीटरवर सगळा निकाल आहे.